अंगठ्याची साक्ष

जुन्या मराठी दप्तरांतील कागद ज्यांनी चाळले असतील त्यांना ‘निशाणी नांगर’ हे शब्द खचित परिचयाचे असतील. गावचा पाटील निरक्षर असला म्हणजे करारनाम्याखाली त्याच्या नावापुढे नांगराची आकृती काढीत. बलुतेदार आपापल्या धंद्याच्या हत्याराची खूण करीत. ही खूण अर्थपूर्ण होती खरी, परंतु तिच्यात एक मोठे वैगुण्य होते. नांगर हा सर्व पाटलांचा सारखाच. खूण करणारा कोणत्या वृत्तीचा, एवढे ती सांगे. तो नेमका कोणता मनुष्य, हे सांगण्याचे सामर्थ्य तिच्या अंगी नव्हते. त्यासाठी शेजारी बसलेल्या गोताची साक्ष लागे. पुढे इंग्रजी अमदानीत नांगर मागे पडला आणि त्याच्या जागी डाव्या हाताचा अंगठा आला. आज त्याच अंगठ्याची परीक्षा संगणक करू लागला आहे. नांगरापासून संगणकापर्यंतच्या या प्रवासाची हकीकत आज आपणांपुढे मांडावयाची आहे. ती केवळ यंत्राची हकीकत नाही. कोणी कोणावर विश्वास ठेवावयाचा, आणि यंत्र चुकले तर त्याचा तोटा कोणी सोसावयाचा, याचीही ती हकीकत आहे.

या विद्येचा उगम आपल्याच देशात झाला, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. सन १८५८ च्या जुलै महिन्यात बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल नावाचा एक तरुण मुलकी अधिकारी काम करीत होता. युरेनस ग्रहाचा शोध लावणाऱ्या प्रसिद्ध हर्शेलचा हा नातू. त्याने राज्यधर कोनाई नावाच्या एका कंत्राटदाराशी रस्त्याच्या खडीचा करार केला आणि सहीच्या जोडीस त्याच्या पंजाला शाई लावून कागदाच्या पाठीवर त्याचा छाप घेतला. हेतू असा, की उद्या या गृहस्थाने ‘ही सही माझी नव्हेच’ असे म्हणू नये. म्हणजे या शास्त्राच्या मुळाशी जिज्ञासेपेक्षा अविश्वास अधिक होता, आणि तोही राज्यकर्त्याने प्रजेवर दाखविलेला. छाप देणारा राज्यधर लिहिता येणारा होता, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे.

हर्शेलला मात्र या छंदाने पछाडले. त्याने वर्षानुवर्षे स्वतःच्या व इतरांच्या बोटांचे ठसे घेऊन ठेवले आणि वयोमानाने रेषा बदलत नाहीत अशी आपली खात्री करून घेतली. सन १८७७ मध्ये हुगळी जिल्ह्याचा मॅजिस्ट्रेट असताना त्याने पेन्शनरांच्या, दस्तऐवज नोंदविणाऱ्यांच्या आणि कैद्यांच्या बोटांचे ठसे घेण्याची पद्धत सुरू केली. मेलेल्या पेन्शनराच्या नावावर दुसऱ्याच कोणी पैसे उचलू नयेत, ही त्यातील एक काळजी होती. सन १८८० मध्ये जपानात राहणाऱ्या हेन्री फॉल्ड्स या स्कॉटिश डॉक्टराने ‘नेचर’ या नियतकालिकात पत्र लिहून, गुन्ह्याच्या जागी उमटलेल्या ठशांवरून गुन्हेगार शोधता येईल असे सुचविले. सन १८९२ मध्ये फ्रान्सिस गाल्टन याने या विषयावर ग्रंथच लिहिला. बोटावरची रेषा कोठे संपते, कोठे तिला फाटा फुटतो, या बारीक खुणांवरच ओळख पटवावयाची असते, हे त्याने दाखवून दिले. या रेषा मूल गर्भात असतानाच घडतात, आणि एकाच साच्यातल्या जुळ्या भावांच्याही त्या सारख्या नसतात.

परंतु ठसा ओळखणे ही एक गोष्ट आणि हजारो ठशांतून नेमका हवा तो शोधून काढणे ही अगदी निराळी गोष्ट. कोशातील शब्द अकारविल्हे लावलेले नसते तर कोशाचा काय उपयोग झाला असता? ठशांना अशी वर्णमाला देण्याचे काम कलकत्त्यास झाले. बंगालचे पोलीसप्रमुख एडवर्ड हेन्री यांच्या हाताखाली अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस हे दोन हिंदी अधिकारी होते. पद्धत हेन्रीच्या नावाने जगभर गाजली. तिच्यातील गणित मुख्यत्वेकरून हक यांचे.

हे गणित सोपे आहे आणि मोठे रम्य आहे. आपल्याकडे सामुद्रिक पाहणारे लोक बोटांच्या टोकांवर शंख आणि चक्रे मोजतात, हे श्रोत्यांनी लहानपणी पाहिले असेल. कलकत्त्याच्या पद्धतीतही पहिला प्रश्न हाच, की बोटावर चक्र आहे किंवा नाही. दहा बोटांच्या पाच जोड्या करावयाच्या. पहिल्या जोडीची किंमत १६, दुसरीची ८, तिसरीची ४, चौथीची २ आणि पाचवीची १. ज्या बोटावर चक्र असेल त्याला त्याच्या जोडीची किंमत द्यावयाची. नसेल त्याला शून्य. सम क्रमांकाच्या बोटांची बेरीज वर, विषम क्रमांकाच्या बोटांची खाली, आणि दोन्हींत एकेक मिळवावयाचा. समजा, उजव्या हाताची तर्जनी आणि अनामिका या दोनच बोटांवर चक्रे आहेत. ही दोन्ही बोटे सम क्रमांकाची, म्हणून वर १६ अधिक ८ अधिक १, म्हणजे २५. आणि खाली नुसता १. त्या माणसाचा कागद २५/१ या खणात गेला. असे एकंदर ३२ गुणिले ३२, म्हणजे १,०२४ खण होतात. नव्या कैद्याचा कागद आला की एवढ्या खणांपैकी एकच उघडून पाहावयाचा.

या आकड्यांकडे पुन्हा एकदा पाहा. १६, ८, ४, २, १. ‘आहे’ आणि ‘नाही’ एवढ्या दोन उत्तरांवर सगळी गणना चालते. आजचा संगणक सर्व व्यवहार याच द्विमान अंकपद्धतीने करतो. संगणक जन्मास येण्यापूर्वी जवळजवळ अर्धे शतक कलकत्त्यातील कारकून शाईच्या बोटांनी तेच गणित करीत होते, असे म्हणावयास हरकत नाही. १२ जून १८९७ रोजी हिंदुस्थान सरकारने या पद्धतीस मान्यता दिली आणि कलकत्त्यास ठशांचे कार्यालय स्थापन झाले. लंडनच्या स्कॉटलंड यार्डात असे कार्यालय १९०१ साली निघाले. हक यांना पुढे खानबहादूर आणि बोस यांना रायबहादूर हा किताब मिळाला, आणि प्रत्येकी पाच हजार रुपयांचे पारितोषिकही. परंतु पद्धतीवर नाव राहिले ते साहेबाचेच.

या कार्यालयाचा पहिला गाजलेला खटला १८९८ चा. बंगालच्या जलपायगुडी भागात एका चहामळ्याच्या व्यवस्थापकाचा खून झाला. पेटी फोडलेली होती आणि तिच्यातील एका बंगाली पंचांगावर रक्ताने माखलेल्या बोटाचा ठसा उमटला होता. तो ठसा व्यवस्थापकाच्याच एका जुन्या, पूर्वी शिक्षा झालेल्या नोकराच्या उजव्या अंगठ्याशी जुळला. खटला चालला, आणि न्यायालयाने आरोपीला चोरीबद्दल शिक्षा दिली. खुनाच्या आरोपातून मात्र मुक्त केले. हा निवाडा मला फार मोलाचा वाटतो. पंचांगाला त्याचा हात लागला, हे अंगठ्याने निर्विवाद सिद्ध केले. घाव त्यानेच घातला, हे अंगठा सांगू शकत नव्हता. पुराव्याने जेवढे सांगितले तेवढेच न्यायालयाने मानले. पुढच्याच वर्षी, १८९९ मध्ये, पुराव्याच्या कायद्यात दुरुस्ती होऊन ठसेतज्ज्ञांच्या मतास जागा मिळाली.

दुर्दैवाने हा संयम सर्वत्र राहिला नाही. सन १९११ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याने नोंदलेल्या जमातीतील कोणाच्याही बोटांचे ठसे केव्हाही घेण्याचा अधिकार सरकारी अधिकाऱ्यांस दिला. त्याने गुन्हा केला की नाही हा प्रश्नच नव्हता; जन्म पुरेसा होता. सोलापूरच्या ‘सेटलमेंट’मध्ये तारेच्या कुंपणाआड ज्यांच्या पिढ्या गेल्या, त्या मराठी मुलखातील भटक्या लोकांना अंगठ्याचा हा अर्थ सांगावा लागत नाही. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. दक्षिण आफ्रिकेत ट्रान्सवाल सरकारने हिंदी लोकांवर ठशांची सक्ती आणली, तेव्हा ११ सप्टेंबर १९०६ रोजी जोहान्सबर्गच्या सभेत गांधीजींनी त्या कायद्याविरुद्ध प्रतिकाराची शपथ घेतली. सत्याग्रहाचा जन्म तेथे झाला. ज्या एडवर्ड हेन्रीने कलकत्त्यास ठशांची पद्धत बसविली, त्यालाच १९०० मध्ये तेथील पोलीसखाते उभारण्यासाठी पाठविण्यात आले होते, हा योगायोग नव्हे.

आता यंत्राकडे वळू. हेन्रीच्या पद्धतीस दहाही बोटे लागतात. परंतु चोर आपली दहा बोटे क्रमाने उमटवून जात नाही. खिडकीच्या काचेवर एखाद्या बोटाचा अर्धामुर्धा डाग तेवढा सापडतो, आणि तो डाग १,०२४ खणांपैकी कोणत्या खणात पाहावयाचा हे कोणीच सांगू शकत नाही. शिवाय दप्तरे वाढत गेली. अमेरिकेच्या एफ. बी. आय. या खात्याकडे कोट्यवधी कागद साठले आणि माणसांचे डोळे थकले. १९६३ मध्ये त्या खात्याने तेथील राष्ट्रीय मापन संस्थेकडे धाव घेतली. त्याच वर्षी मिचेल ट्राउरिंग या संशोधकाचा ठशांची तुलना यंत्राने करण्याविषयीचा लेख ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. जपानमध्येही याच विषयावर मोठे काम झाले, आणि तेथील यंत्रणा १९८४ च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोच्या पोलिसांनी घेतली. एफ. बी. आय. ची स्वतःची संपूर्ण यंत्रणा १९९९ साली चालू झाली. आपल्याकडे १९९२ मध्ये केंद्रीय ठसे कार्यालयाने ‘फॅक्ट्स’ नावाची प्रणाली घेतली. पुढे महाराष्ट्र पोलिसांनी ‘ॲम्बिस’ ही ठसे, चेहरा व बुबुळ ओळखणारी प्रणाली स्वीकारली, आणि २०२२ मध्ये सर्व राज्यांस जोडणारी ‘नॅफिस’ ही यंत्रणा सुरू झाली.

संगणक हे काम करतो तरी कसे? काचेवर बोट टेकले की त्याचे चित्र घेतले जाते. एका इंचात पाचशे ठिपके हे पोलीसखात्यांतील सर्वमान्य प्रमाण होय. संगणकाला रेषा अशी दिसतच नाही. प्रत्येक ठिपका किती काळा एवढा आकडा त्याला कळतो. म्हणून तो चित्राचे लहान लहान चौकोन पाडतो आणि प्रत्येक चौकोनात रेषांचा कल कोणत्या दिशेस आहे हे गणिताने काढतो. त्या कलाच्या आधाराने तो तुटलेल्या रेषा सांधतो आणि फुकटचे डाग पुसून टाकतो. मग करड्या छटा टाकून देऊन चित्र निव्वळ काळे-पांढरे करतो, आणि प्रत्येक रेषा झिजवीत झिजवीत एका ठिपक्याइतकी बारीक करतो. आता मौज पाहा. रेषेवरच्या प्रत्येक ठिपक्याला भोवताली आठ शेजारी असतात. त्यांपैकी दोन काळे असले तर रेषा सरळ पुढे चालली आहे. एकच काळा असला तर रेषा तेथे संपली. तीन असले तर तेथे फाटा फुटला. गाल्टनने भिंग लावून पाहिलेल्या खुणा संगणकाने अशा शेजारी मोजून हुडकल्या.

यानंतर बोटाचे चित्र बाजूस राहते. उरते ती एक यादी: अमुक ठिकाणी, अमुक दिशेस, अमुक प्रकारची खूण. दोन ठसे जुळविणे म्हणजे अशा दोन याद्या जुळविणे. तेलकागदावर काढलेले दोन नकाशे एकमेकांवर ठेवून आपण फिरवून, सरकवून पाहतो, तसेच हे काम. बोट वाकडे टेकलेले असते, कातडी कमीअधिक ताणलेली असते; म्हणून थोडी चूक पोटात घालावी लागते. शेवटी यंत्र एक आकडा देते. तो आकडा साम्याचा असतो. ‘हाच तो मनुष्य’ असे यंत्र कधीच म्हणत नाही. किती आकड्याच्या वर गेले म्हणजे ‘जुळले’ म्हणावयाचे, ही मर्यादा माणसांनी ठरविलेली असते. हे चाळणीसारखे आहे. भोके मोठी ठेवली तर खडे पिठात जातात. बारीक ठेवली तर पीठही वरच अडकते. एका बाजूस परक्याला आपला समजण्याची चूक, दुसऱ्या बाजूस आपल्यालाच परका समजण्याची चूक. एक कमी केली की दुसरी वाढते. हा दोष यंत्राच्या बनावटीचा नव्हे; तो या कामाच्या स्वभावातच आहे.

पहिल्या प्रकारच्या चुकीचे उदाहरण साऱ्या जगाने पाहिले. ११ मार्च २००४ रोजी माद्रिद शहरात आगगाड्यांत स्फोट झाले. स्फोटाच्या साहित्याच्या एका पिशवीवरील ठसा अमेरिकेस पाठविला गेला. संगणकाने कोट्यवधींच्या साठ्यातून साम्य असणाऱ्या वीस जणांची यादी काढून दिली. त्यांतील एक ब्रँडन मेफील्ड नावाचा ओरेगॉनमधील वकील. तज्ज्ञांनी भिंगाखाली पाहून तोच मनुष्य असा निर्वाळा दिला, आणि त्याला मे महिन्यात अटक झाली. पुढे स्पेनच्या पोलिसांनी तो ठसा एका अल्जीरियन माणसाचा असल्याचे दाखविले, आणि अमेरिकन सरकारला वकिलाची माफी मागावी लागली. संगणकाने साम्य सांगितले होते, ते खोटे नव्हते. साठा जेवढा मोठा, तेवढे कोणा ना कोणाशी साम्य सापडणारच. चूक झाली ती साम्याला ओळख समजणाऱ्या माणसांची. जलपायगुडीचा संयम तेथे कोणाला आठवला नाही.

दुसऱ्या प्रकारची चूक इतकी गाजत नाही, कारण ती गरिबाच्या वाट्यास येते. २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात ‘आधार’च्या पहिल्या संख्या देण्यात आल्या. दहा बोटे, दोन बुबुळे आणि चेहरा घेऊन प्रत्येकाला बारा अंकांची एक संख्या, असा हा जगातील सर्वांत मोठा प्रयोग. नांगराच्या निशाणीला जे साधले नाही ते येथे साधले. ज्याच्याजवळ जन्माचा दाखला नाही, शाळेचा दाखला नाही, त्यालाही ‘मी अमुक’ असे म्हणता येऊ लागले. हे उपकार लहान नव्हेत. परंतु रेशनच्या दुकानातील यंत्रापुढे बोट ठेवणारे हात कोणाचे असतात? भाताची लावणी करणाऱ्याचे, वीटभट्टीवर विटा उचलणाऱ्याचे, धुणीभांडी करणाऱ्या बाईचे. या कामांनी रेषा झिजतात, चिरतात. म्हातारपणी कातडी कोरडी पडून ठसा पुसट उमटतो. ज्याने हाताने कष्ट केले त्याचाच हात यंत्राला वाचता येत नाही, असा हा विपरीत प्रकार आहे. सरकारच्या २०१६-१७ च्या आर्थिक पाहणीत, पडताळणी फसण्याचे प्रमाण गुजरातेत ६ टक्के, तर राजस्थानात ३७ आणि झारखंडात ४९ टक्के असल्याचे अंदाज नमूद आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात ‘आधार’ची योजना बहुमताने ग्राह्य धरली, तीतच, पडताळणी फसली म्हणून पात्र माणसास लाभ नाकारला जाणार नाही, हे सरकारतर्फे दिलेले आश्वासनही नोंदवून घेतले. आश्वासन उत्तम आहे; ते दुकानाच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचले पाहिजे.

आम्हां पेन्शनरांना याचा थोडा अनुभव आहे. हर्शेलने १८७७ मध्ये घेतलेली शंका आजही जिवंत आहे. दरवर्षी नोव्हेंबरात आम्ही हयात असल्याचे सिद्ध करावयाचे असते. २०१४ पासून हे काम बोट टेकवून करण्याची सोय झाली आणि घरबसल्या पुष्कळांचे हेलपाटे वाचले. पण एखाद्या वर्षी बोट उमटत नाही. चाळीस वर्षे खडू धरलेला अंगठा यंत्र नाकारते आणि मागे रांग खोळंबते, तेव्हा समोरचा मनुष्य जिवंत आहे हे टेबलाच्या दोन्ही बाजूंस दिसत असूनही कोणास म्हणता येत नाही. आता चेहऱ्यावरूनही ओळख पटविता येते, हे बरे झाले. एक वाट अडली तर दुसरी उघडी असावी, हाच यातील मुख्य मुद्दा होय.

शेवटी आमच्या सुकापूरच्या बाजूची एक गोष्ट. पनवेल तालुक्यात जेथे भाताची खाचरे होती तेथे आता इमारती उभ्या आहेत. प्रत्येक इमारतीखाली एक सातबारा आहे आणि प्रत्येक सातबाऱ्यामागे अंगठे आहेत. २००१ च्या दुरुस्तीनंतर दस्त नोंदविताना छायाचित्र व बोटांचे ठसे देणे कायद्याने आवश्यक झाले आहे, आणि निबंधकाच्या कार्यालयात ते यंत्रावर घेतले जातात. त्यामुळे एकाच्या नावावर दुसऱ्याने उभे राहण्यास पुष्कळ आळा बसला. तथापि बहीण भावाला हक्कसोडपत्र लिहून देते, तेव्हा तिचा अंगठा काय सिद्ध करतो? ती तेथे आली होती, एवढेच. कागदात काय लिहिले आहे ते तिला कोणी वाचून दाखविले का, आपण काय सोडीत आहोत हे तिला उमगले का, तिची संमती मनापासूनची होती का, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्या रेषांत नाही. ते उत्तर तिला अक्षर ओळखीचे केल्यानेच मिळते.

आपल्या भाषेत निरक्षराला ‘अंगठेबहाद्दर’ म्हणून हिणविण्याची वाईट खोड होती. आज पदवीधरापासून मंत्र्यापर्यंत सर्वांचा अंगठा यंत्र मागते आणि त्या अर्थाने आपण सारेच अंगठेबहाद्दर झालो आहोत. तेव्हा अंगठ्याची साक्ष किती धरावयाची, हा प्रश्न आता केवळ गरिबांचा राहिला नाही. ही साक्ष खरी आहे, पण अपुरी आहे. हात कोणाचा हे ती सांगते; हेतू, समज आणि हक्क ही तिच्या कक्षेबाहेर आहेत. आणि यंत्र जेव्हा ‘ओळख पटत नाही’ असे म्हणते, तेव्हा ते आपल्या मर्यादेविषयी बोलत असते, समोरच्या माणसाविषयी नव्हे. त्या वेळी त्याच्या तोंडाकडे पाहून, शेजाऱ्यास विचारून, त्याचे धान्य त्याच्या पिशवीत घालणारा मनुष्य टेबलामागे असला पाहिजे. नांगराच्या निशाणीला गोताची साक्ष लागत असे. संगणकाच्या निशाणीलाही ती लागते, एवढे आपण विसरू नये.